राखणीची बंदूक

बंदुकीचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर लढाया उभ्या राहतात, नाही तर मेलेल्या वाघावर पाय ठेवून छायाचित्रासाठी थांबलेला एखादा संस्थानिक. या दोन्ही चित्रांत न बसणारी एक बंदूक आपल्याकडे शेतावरच्या मांगरात, माळ्यावर, कधी देवघराच्या मागच्या कोनाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहे. ती म्हणजे ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या सारायचा, मग छर्रे, मग पुन्हा चिंधी. गजाने सारे ठासून घ्यायचे, मागे केप बसवायची आणि मग चाप ओढायचा. एक बार उडाला की हा सगळा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात दारू सादळते आणि ऐन वेळी नुसताच ‘फुस्स’ आवाज येतो. तोवर भातातले डुक्कर शेजारच्या मळ्यात पोचलेले असते.

या बंदुकीला सरकारी परवाना असतो आणि त्यावर प्रयोजन लिहिलेले असते : पीकसंरक्षण. परंतु ज्या प्राण्यापासून पीक राखायचे, त्या रानडुकरावर परवानाधारकाने वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बार टाकला तर तो गुन्हा ठरतो. एक कायदा सांगतो, पिकासाठी बंदूक घे. दुसरा सांगतो, पीक खाणाऱ्यावर ती चालवू नकोस. हा विरोधाभास कोकणातल्या शेतकऱ्याच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याविषयी तो आता फारसा चिडतही नाही. मी शिक्षणाने वकील नव्हे. पण जुने कायदे मुळातून वाचायची सवय लागली आणि त्यातून हा प्रश्न पाठीस लागला. या दोन कायद्यांची गाठ कुठे आणि कशी बसली, याचा हा शोध आहे.

बंदूक कोणाची?

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने हिंदुस्थानात ठिकठिकाणी हत्यारे गोळा केली. एकट्या अवधमध्ये लाखो हत्यारे जमा झाली. ही जप्ती प्रसंगापुरती होती. कायमची व्यवस्था आली ती १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने. व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. या कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला. वाचताना तो सर्वांना सारखा लागू असल्यासारखा वाटतो. खरी मेख नियमांत होती. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना परवान्यातून सूट मिळाली, शिवाय पदवी, मानमरातब किंवा सरकारदरबारी वजन असलेल्या काही एतद्देशीयांनाही. बंदूक कशासाठी हवी, हा प्रश्न या व्यवस्थेत दुय्यम होता. ती कोणाच्या हातात आहे आणि तो हात आपल्याशी किती इमानी आहे, हे सरकार आधी पाहत होते.

या विचाराचा सर्वांत ठळक आणि आजही जिवंत असलेला नमुना कोडगूत, म्हणजे कुर्गात, दिसतो. १८५७ मध्ये कोडवांनी इंग्रजांशी राखलेली निष्ठा ध्यानात घेऊन कमिशनर मार्क कबन यांनी १८६१ मध्ये त्यांना हत्यारबंदीतून सूट दिली. ती सूट आजही चालू आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील सवलतीच्या कलमाखाली केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. तिला न्यायालयात आव्हान मिळाले, परंतु कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती ग्राह्य धरली. कोडवांच्या घरी सप्टेंबरात कैलपोद सणाला बंदुकीची पूजा होते, जन्म-मरणाच्या वेळी बार काढले जातात. ही परंपरा खरीच आहे आणि तिचा मान राखायलाच हवा. मात्र कायद्यात तिला जागा मिळाली ती एका परकी सत्तेने दिलेल्या इमानदारीच्या प्रशस्तिपत्रामुळे, हेही तितकेच खरे. सह्याद्रीच्या त्याच रांगेत उत्तरेकडे डुकरांपासून भात राखणाऱ्या कुणब्याला असे प्रशस्तिपत्र कधी मिळाले नाही.

असूडातला पर्याय

या कुणब्याची बाजू पहिल्यांदा नेमकेपणाने मांडली ती महात्मा फुले यांनी. १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या अखेरच्या भागात त्यांनी सरकारला काही उपाय सुचवले आहेत. धरणे, ताली, विहिरी, खत, जनावरांची पैदास यांच्या जोडीला रानडुकरांचा प्रश्नही त्यांत येतो. हत्यारांचा कायदा होऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती. फुल्यांचे म्हणणे थोडक्यात असे : शेतकऱ्याला मोडकीतोडकी गावठी बंदूकही सरकार बाळगू देत नसेल, तर शेते राखायचे काम सरकारने आपल्या पोलिसांकडे द्यावे; आणि तरीही डुकरांनी नासधूस केली, तर ती नुकसानी पोलीस खात्याच्या पगारातून किंवा सरकारी तिजोरीतून भरून द्यावी.

मागणी साधी दिसते, पण तिच्यामागचा विचार नीट पाहायला हवा. बंदूक हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे, असे फुले म्हणत नाहीत. मर्दुमकीची किंवा क्षात्रतेजाची भाषाही ते वापरत नाहीत. त्यांचा हिशेब शेतकऱ्याचा आहे. पीक राखायचे साधन तुम्ही काढून घेतले, तेव्हा पीक राखायची जबाबदारीही तुमच्याकडे गेली. साधन द्या, नाही तर भरपाई द्या. दोन्ही नाकारणे हा अन्याय. पुढच्या एकशेचाळीस वर्षांत या विषयावर समित्या झाल्या, कायदे झाले, आदेश निघाले. त्यांतल्या प्रत्येकाची परीक्षा या एका वाक्यावर घेता येते.

राष्ट्रसभेपासून घटना समितीपर्यंत

सुशिक्षित वर्गाने मात्र हा प्रश्न वेगळ्या अंगाने हाती घेतला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रसभेने हत्यारांच्या कायद्याविरुद्ध ठराव केला आणि पुढे अनेक वर्षे तो विषय येत राहिला. संपूर्ण राष्ट्राला नि:शस्त्र करून त्याचे पौरुष खच्ची केले, अशी त्या तक्रारीची धाटणी होती. अहिंसेचे पुजारी गांधीजीही याला अपवाद नव्हते. १९१८ मध्ये सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात त्यांनी या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली. १९३० च्या त्यांच्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत, अशी एक मागणी होती. १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांतही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवला गेला. मधल्या काळात, १९२० च्या सुमारास, सरकारने नियम बदलून वंशावर आधारलेली सूट काढून टाकली होती. पण परवाना देणारा साहेब तोच राहिला आणि अर्जदाराच्या इभ्रतीकडे पाहायची नजरही तीच राहिली.

स्वातंत्र्यानंतर हा हक्क घटनेत यावा म्हणून डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती सुचवली. त्यांचा आधार कराची ठरावाचाच होता. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. बाजारात जाऊन हवी ती हत्यारे विकत घेण्याचा हक्क प्रत्येकाला मिळाला तर राज्यकारभार चालणार कसा, आणि सराईत गुन्हेगारांनाही तोच हक्क द्यायचा काय, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती नामंजूर झाली. राज्यघटनेत एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आले तेही ‘शांततेने व विनाशस्त्र’ या अटीसह. फाळणीचा रक्तपात नुकताच पाहिलेल्या सभागृहाने घेतलेला हा निर्णय शहाणपणाचा होता, असे माझे मत आहे. बंदूक हा हक्क न मानता सवलत मानणाऱ्या देशांत भारत सामील झाला, आणि त्यामुळे आपले किती जीव वाचले असतील याची कल्पना जगातल्या इतर काही देशांकडे पाहून येते. पण या चर्चेत बंदूक म्हणजे माणसावर चालणारे हत्यार, एवढेच गृहीत होते. मांगरातली बंदूक सभागृहात पोचली नाही.

ती पोचली १९५९ च्या शस्त्र कायद्यात. या कायद्यातले तेरावे कलम मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे. सर्वसाधारणपणे परवाना देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते. मात्र काही बाबतींत कायदा म्हणतो की परवाना दिला जाईल. एक, संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच लांब नळीची, आतून गुळगुळीत बंदूक; आणि दोन, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. शिवाय ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी खात्री पटल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येईल, अशी पुस्ती आहे. सार्वजनिक सुरक्षितता, अर्जदाराची मानसिक स्थिती वगैरे कारणांनी नकार देता येतो. तरीही ‘कोण’ याऐवजी ‘कशासाठी’ हा प्रश्न विचारणारा आपल्या शस्त्रकायद्यातला हा पहिला महत्त्वाचा कोपरा आहे. फुल्यांच्या पर्यायातला अर्धा भाग अखेर मान्य झाला, असे म्हणायला हरकत नव्हती. कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. दहा वर्षांनी त्या अर्ध्या भागातला जीव गेला.

शिकारीचे कायदे

येथे आपल्याला दुसरा धागा हाती घ्यावा लागतो, शिकारीच्या कायद्यांचा. १९१२ मध्ये वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. ठरावीक प्राण्यांसाठी त्याने बंदीचे हंगाम घातले. पण त्यात एक स्पष्ट अपवाद होता : स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवासाठी, तसेच प्रामाणिकपणे मालमत्तेच्या रक्षणासाठी प्राणी मारला तर हा कायदा लागू नाही. म्हणजे इंग्रजी अमदानीत शेतकऱ्याला बंदूक मिळणे कठीण होते. पण मिळालीच, तर पिकासाठी ती चालवण्याला शिकारीचा कायदा आड येत नव्हता. १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला. शिकारीला परवाने आणि शिस्त लावणारा तो त्या काळातला पुढारलेला कायदा होता.

दरम्यान देशभर जंगलांची अवस्था वाईट होत चालली होती. कोरियाच्या राजाने १९४७ च्या सुमारास एका रात्री तीन चित्ते मारले, ते भारतातले शेवटचे नोंदलेले चित्ते. स्वातंत्र्यानंतर शिकारीच्या कंपन्या परदेशी पाहुण्यांना वाघ मारायला आणीत. आणि एक गोष्ट आपण मोकळेपणाने मान्य करायला हवी : पीकसंरक्षणाच्या बंदुका सगळ्याच पिकापाशी थांबल्या नाहीत. ‘अधिक धान्य पिकवा’च्या काळात परवाने सढळ हाताने दिले गेले, आणि त्यांतल्या कित्येक बंदुका सशा-भेकरांच्या, सांबरांच्या मागे रानात शिरल्या. निसर्ग-अभ्यासक त्याविषयी सातत्याने तक्रार करीत होते आणि ती खोटी नव्हती. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ उरल्याचा आकडा पुढे आला आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला.

हा कायदा झाला नसता तर आज आपल्याकडे ताडोबाही नसता आणि मेळघाटही नसता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु १९१२ चा अपवाद या कायद्यात कसा उतरला ते पाहा. जीव वाचवण्यासाठी प्राणी मारला तर तो गुन्हा नाही, हे राहिले. मालमत्तेच्या रक्षणाचा अपवाद गेला. उभे पीक हा शब्दप्रयोग कायद्यात आहे, पण वेगळ्या जागी : प्राणी उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला आहे अशी खात्री पटली, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने शिकारीची परवानगी देऊ शकतो. शेतकऱ्याचा अपवाद अधिकाऱ्याच्या टेबलावर गेला. सुरुवातीला कायद्यात शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही संपली. खेळ म्हणून शिकार करणे भारतात तेव्हापासून पूर्ण बंद आहे.

आता दोन्ही धागे एकत्र ठेवून पाहू. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी देतो, शस्त्र कायद्याखाली, गृहखात्याच्या नियमांप्रमाणे. बार टाकायची परवानगी वनखाते देते, वन्यजीव कायद्याखाली. १९७२ मध्ये दुसरा कायदा करताना पहिल्यातल्या तेराव्या कलमाला हात लागला नाही. पीकसंरक्षणाचे परवाने तसेच निघत राहिले, नूतनीकरणाचे शुल्क भरले जात राहिले. हे दोन कायदे एकमेकांना ठळकपणे भेटतात ते एकाच ठिकाणी. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपली बंदूक वनखात्याकडे नोंदवली पाहिजे, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय देता येत नाही. राधानगरीसारख्या अभयारण्याभोवती हा पट्टा किती गावांवरून जातो ते नकाशावर पाहावे. जिथे डुकरे आणि गवे सर्वांत जास्त उतरतात, तिथेच बंदूक मिळणे सर्वांत कठीण. रानाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण मग फुल्यांच्या पर्यायातला दुसरा भाग, म्हणजे भरपाई, तिथे सर्वांत चोख असायला हवी होती.

डब्बा, गोफण आणि तार

भरपाईची योजना महाराष्ट्रात आहे. ठरलेल्या मुदतीत अर्ज, मग वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक यांचा पंचनामा, मग मूल्यांकन. ज्याने हे केले आहे त्याला विचारा. चार गुंठ्यांतले भात एका रात्रीत लोळवले जाते. त्या चार गुंठ्यांची रक्कम आणि तालुक्याला मारलेल्या खेपांचा खर्च यांचा मेळ बसत नाही. सातबाऱ्यावर आठ-दहा जणांची नावे असली की संमतिपत्रे आलीच. कोकणातले तुकड्या-तुकड्यांचे शेत या कागदांत मावत नाही, म्हणून अनेक जण अर्जच करीत नाहीत. मग तक्ता सांगतो की नुकसान फारसे नाही.

यात निवडणुकांची भर पडते. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. शांततेच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. पण राज्य विधानसभेच्या २०१४ आणि २०१९ च्या निवडणुका ऑक्टोबरात झाल्या, २०२४ ची नोव्हेंबरात. कोकणात भात पिकून कापणीला येण्याचे दिवस नेमके तेच. बार काढून नुसते हुसकावण्यापुरतीही बंदूक तेव्हा घरात नसते. मग डब्बे, गोफण, बुजगावणे, फटाके आणि जागरण.

आणि जागरण करायला माणूस नसला की तार. हा या गोष्टीतला सर्वांत काळा भाग आहे. विजेच्या खांबावरून आकडा टाकून शेताभोवती सोडलेली उघडी तार, डुकरांसाठी लावलेला फासा, खाद्यात लपवलेला गावठी बॉम्ब. यांतल्या कशालाच परवाना लागत नाही, कारण यांतले काहीच कायदेशीर नाही. तार डुक्कर, बिबट्या, गाय आणि शेजारचा माणूस यांच्यात फरक करीत नाही. विदर्भात वाघ अशा तारांवर मेले आहेत, माणसेही मेली आहेत. नोंदलेली, नंबर असलेली, दरवर्षी तपासता येणारी एक नळी निरुपयोगी केली म्हणून रान सुरक्षित झाले असे नव्हे. जे घडते ते रात्रीच्या अंधारात, कोणाच्याही वहीत नोंद न होता घडते.

अर्धवट उत्तरे

हे कोणाच्याच लक्षात आले नाही असे नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांच्याबाबत परवानगीची वाट सोपी करणारा आदेश काढला. २०१६ मध्ये केंद्राने बिहार, उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशातल्या ठरावीक भागांत काही प्राणी मर्यादित काळासाठी उपद्रवी जाहीर केले. केरळने २०२२ मध्ये रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत खाली नेले. त्याच वर्षी वन्यजीव कायद्यात मोठी दुरुस्ती होऊन सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि रानडुक्कर तिसऱ्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत गेले.

केरळचा मार्ग मला त्यातल्या त्यात विचार करण्यासारखा वाटतो, कारण त्यात निर्णय शेताच्या जवळ आला. डुक्कर रात्री दोनला येते. त्याला मारायची परवानगी तालुक्याच्या कचेरीतून दुसऱ्या आठवड्यात येऊन उपयोग नसतो. पण परवानगी जवळ आणली तरी बार टाकणार कोण? बहुतेक गावांत परवाना आजोबांच्या नावावर, नातू मुंबईत, आणि बंदूक वारसाच्या अर्जाअभावी पोलिसांत जमा. ठासणीच्या बंदुकीने प्राणी जागीच पडण्याऐवजी जखमी होऊन झुडपात शिरण्याची शक्यता मोठी, आणि जखमी डुकराइतका धोकादायक प्राणी दुसरा नाही. तेराव्या कलमातली पुस्ती, म्हणजे ठासणीची बंदूक पुरत नसेल तर दुसरी द्यावी, ही १९५९ सालीच कोणीतरी विचारपूर्वक लिहिलेली आहे. ती उघडून पाहायची गरज आहे.

मला बंदुकांची संख्या वाढवायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, ते ठीकच झाले. लग्नाच्या वरातीत हवेत उडणारी आणि दिवाणखान्यात टांगलेली दुनळी कमी झाली तर शेतकऱ्याचे काही बिघडत नाही. मागणी एवढीच आहे की परवान्यावर ‘पीकसंरक्षण’ हा शब्द लिहिताना सरकारने त्याचा अर्थ ठरवावा. अर्थ असेल, तर गावपातळीवर, ठरावीक प्राण्यापुरती, ठरावीक हंगामापुरती परवानगी त्या परवान्याशी जोडावी आणि प्रत्येक बाराची नोंद ठेवावी. अर्थ नसेल, डुक्कर राखणे हेच राष्ट्राचे धोरण असेल, तर तेही मान्य करता येईल. मग परवान्याचे शुल्क घेणे थांबवावे आणि नुकसानीची रक्कम पंचनाम्याच्या फेऱ्यांशिवाय शेतकऱ्याच्या खात्यावर टाकावी. यांतला पहिला रस्ता महाग की दुसरा, याचा हिशेब अर्थखात्याने करावा.

फुल्यांनी १८८३ मध्ये हेच दोन रस्ते सांगितले होते. तिसरा रस्ता, म्हणजे साधनही काढून घ्यायचे आणि भरपाईही अडवून ठेवायची, त्यांनी अन्याय म्हणून बाजूला टाकला होता. राज्यकर्ते बदलले, कायद्यांची नावे बदलली, भाताच्या जाती बदलल्या. आपण अजून त्या तिसऱ्याच रस्त्यावर आहोत, आणि कार्तिकात भात कापणीला आले की डुकरेही त्याच रस्त्याने खाली उतरतात.